आंधळ्याने मारलेला डोळा

पौष पौर्णिमेला निफाड तालुक्यातल्या नैताळ्याला मतोबा महाराजांची यात्रा भरते. तालुक्यात तेव्हा अशी थंडी असते की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा किती उतरला, हे राज्यभरच्या वर्तमानपत्रांत छापून येतं. लासलगावच्या बाजारात लाल कांदा उतरत असतो आणि त्याचे चार पैसे खिशात असलेला माणूस यात्रेला निघतो. 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या यात्रांमध्ये अशा माणसासाठी रात्रीच्या करमणुकीच्या दोन जागा असत. एका अंगाला तमाशाचा फड, दुसऱ्या अंगाला टुरिंग टॉकीजचा तंबू. मधे जिलेबीच्या कढया आणि पाळणे. हा शेजार ध्यानात घेतल्याशिवाय दादा कोंडके या नटाचं कोडं सुटत नाही. तंबूत मातीवर बसलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा कोंडक्यांचा गडी अनोळखी नव्हता. शेजारच्या कनातीतला सोंगाड्याच कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला होता. शहरातल्या अनेक समीक्षकांनी शेजारची कनात पाहिलेली नव्हती. त्यांना या माणसाच्या तोंडी फक्त चावट वाक्यं ऐकू आली आणि ‘द्विअर्थी’ हा एकच शब्द कायमचा कोंडक्यांच्या नावाला चिकटला.

शब्द खोटा नाही, अपुरा आहे. दोन अर्थांचं बोलणारे नट कोंडक्यांच्या आधीही होते, नंतरही पुष्कळ झाले. तरीही लागोपाठ नऊ मराठी चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरण्याचा आणि त्याची गिनेस बुकात नोंद होण्याचा पराक्रम दुसऱ्या कुणाला जमला नाही. चावटपणाच पुरेसा असता, तर हा विक्रम गल्लोगल्ली झाला असता. कोंडक्यांच्या विनोदाचं बळ दुसऱ्या अर्थात नव्हतं. तो अर्थ बोलणाऱ्याच्या गावीही नसे, यात होतं. पडद्यावरचा गडी सरळ बोलतो आणि वाकडा अर्थ प्रेक्षक आपल्या मनाने लावतो. हा अजाणपणा होता तोवर कोंडके मोठे कलावंत होते. तो सुटत गेला तसे ते आपलीच नक्कल करत राहिले. त्यांच्या कारकिर्दीचा चढ आणि उतार या एका खुंटीभोवती फिरतो.

8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईच्या गिरणगावात, गिरणीवर पोट असलेल्या घरात कृष्णा कोंडके जन्मले. मूळ गाव भोरजवळचं इंगवली. गिरणगावातल्या हजारो घरांसारखंच हेही घर होतं. पगार मुंबईचा, सणवार गावचे आणि बोली दोहोंची मिसळ. पोटासाठी त्यांनी अपना बाजारात नोकरी केली, हौसेसाठी बँडमध्ये वाद्यं वाजवली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने त्यांना रंगमंचाची सवय लावली. तरुणपणी थोड्याच काळात जवळची अनेक माणसं एकापाठोपाठ गेली. त्या आघातानंतर हसण्याकडे आणि हसवण्याकडे आपण वळलो, असं ते सांगत. एका दुःखावरून अख्ख्या कलेचा उगम सांगणं फार सोपं असतं, म्हणून या कारणावर भार टाकायला नको. एवढं मात्र खरं की पुढे त्यांनी पडद्यावर उभा केलेला माणूस बहुतेक वेळा पोरका किंवा एकट्या आईचा, जगात एकाकी असाच असतो. त्यांच्या गाजलेल्या चित्रपटांपैकी एकाचं नाव ‘एकटा जीव सदाशिव’ आहे आणि अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेल्या त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘एकटा जीव’. सदाशिव गळला, एकटा जीव तेवढा राहिला.

कोंडके घडले ते 1965मध्ये आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात. वसंत सबनीसांच्या ‘छपरी पलंगाचा वग’ या लेखनावर उभ्या राहिलेल्या या नाटकाचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. तमाशाची मांडणी जुनी आहे: गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि त्यांना चालता-बोलता उघडं पाडणारा सोंगाड्या असतो. सोंगाड्याला राजाला वेडावण्याची मुभा आहे, कारण त्याला कुणी शहाणं धरत नाही. कोंडक्यांचा हवालदार याच परंपरेतला होता. कोतवालाच्या रिकाम्या जागेसाठी चाललेली राज्यातली खटपट त्याच्या तोंडून बाहेर येई आणि समोर बसलेल्यांना आपल्या काळातली मंत्रालयं आठवत. असा प्रयोग छापील संहितेवर थांबत नाही. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी वगात शिरते, प्रेक्षकातून कुणी काही बोललं तर त्याला तिथल्या तिथे उत्तर जातं. दीड हजार रात्री समोरच्या माणसाच्या हसण्यावर कान ठेवून काढलेल्या नटाला एक गोष्ट पक्की कळते. विनोदाचं शेवटचं टोक नटाने पुरं करायचं नसतं, ते प्रेक्षकाच्या हाती सोडायचं असतं.

आशा भोसले या नाटकाच्या चाहत्या होत्या. त्यांनी नाव सुचवल्यामुळे भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’मध्ये (1969) कोंडक्यांना घेतलं. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण कोंडके खरे दिसले ते 1971च्या ‘सोंगाड्या’त. निर्मिती त्यांची स्वतःची, लेखन सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. नायिका उषा चव्हाण आणि आई रत्नमाला. गोष्ट साधी: भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि करारी आई त्याला घराबाहेर काढते. त्याचा वेश जरा जवळून पाहावा. गुडघ्यापर्यंत येणारी ढगळ चड्डी, आखूड सदरा, अर्धवट उघडं तोंड आणि पुढे लोंबणारी नाडी. ती नाडी साऱ्या गावाला दिसते, नाम्याला मात्र तिची खबर नसते. कोंडक्यांच्या विनोदाचं सारं शास्त्र त्या वीतभर दोरीत आहे. वाक्याचा दुसरा अर्थही तसाच लोंबत असतो. ऐकणाऱ्या सगळ्यांना दिसतो, बोलणाऱ्याला नाही. त्यात ‘आये’ अशी लांबवलेली हाक आली की प्रेक्षकाची खात्री पटते, या पोराच्या मनात काही नाही. मग तो मोकळेपणाने हसतो आणि हसताना थोडा ओशाळतो, कारण जे काही आहे ते आपल्याच मनात आहे, हे त्याला कळून चुकलेलं असतं. आईचं शेपूट असलेलं हे पोर उभं करताना कोंडके एकोणचाळिशीला टेकले होते, यावरून अभिनयाची ताकद कळते.

हे तंत्र कोंडक्यांनी शोधलेलं नाही, मराठीच्या पोटातच ते आहे. खेड्यातल्या बायका एकमेकींना उखाणे-कोडी घालतात, त्यांत ऐकायला अगदी चावट वाटणारी कितीतरी असतात. ऐकणारी लाजते आणि मग उत्तर निघतं: जातं, मुसळ किंवा चुलीतलं लाकूड. लाज कोणाची निघाली? कोडं घालणारीची नव्हे, भलतं समजणारीची. एकनाथांच्या भारुडांत हीच यंत्रणा दुसऱ्या दिशेला चालते. वरवर विंचवाची, दादल्याची, भुताखेताची गोष्ट आणि आत परमार्थ. भारुड ऐकणाऱ्याला वर नेतं, कोंडके त्याला खाली, देहाच्या पातळीवर आणतात. दिशा उलटी आहे आणि मोलही सारखं नाही, पण जिना एकच आहे. म्हणून निफाडसारख्या बाजाराच्या गावातल्या माणसाला कोंडके समजावून सांगावे लागले नाहीत. कोडी, गवळणीतली मावशी आणि फडातला सोंगाड्या ऐकत-पाहत वाढलेल्या कानाला हे गणित आधीच येत होतं.

यावर पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा की अजाणपणा हा नुसता मुखवटा होता, अश्लीलता खपवण्याची युक्ती. मुखवटा होता हे कबूल करायलाच हवं. नाम्याला ठाऊक नसलं तरी कोंडक्यांना ठाऊक होतंच. पण सोंगाड्याची कला म्हणजे मुखवटा सांभाळण्याचीच कला असते. चार्ली चॅप्लिनला आपण गरीब नाही हे माहीत होतं, म्हणून त्याचा भटक्या खोटा पडत नाही. खरा प्रश्न मुखवटा शेवटपर्यंत टिकतो की मधेच घसरतो, हा आहे. आक्षेपाचा दुसरा भाग अधिक टोकदार आहे: हसू कुणाच्या जिवावर येतं? बरेचदा बाईच्या देहाच्या. याला कोंडक्यांच्या चांगल्या चित्रपटांपुरतं उत्तर देता येतं. तिथे उषा चव्हाणांची नायिका नायकापेक्षा हुशार, धीट आणि बोलायला खमकी असते. दुसरा अर्थ तिला कळतो, त्याला कळत नाही. ‘पांडू हवालदार’मधली पारू केळेवाली हवालदाराला सहज खिशात घालते. पण हे उत्तर सगळ्या कारकिर्दीला पुरत नाही. नंतरच्या चित्रपटांत बाईची ही हुशारी आटत गेली आणि कॅमेरा तिच्याकडे बोट दाखवू लागला. बोट दाखवलं की प्रेक्षकाला स्वतः शोधायला काही उरत नाही. त्यामुळे त्या चित्रपटांवरचा स्त्रियांचा राग रास्त आहे, आणि त्यातली कलाही तिथेच बिघडलेली आहे.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. ‘विच्छा’ सबनीसांचं, ‘सोंगाड्या’चं लेखनही त्यांचंच. आणि दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी ‘सोंगाड्या’ बाजूला सारला गेला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे आणि शिवसेना मधे पडल्यामुळेच तो पडद्यावर राहिला. मग कोंडक्यांचं काय? सबनीसांची संहिता थोर होती यात वाद नाही. ‘सैंया भये कोतवाल’ या हिंदी रूपातही ती गाजली, म्हणजे ती एका नटावर अवलंबून नव्हती. ठाकऱ्यांचं साहाय्यही खरं आणि पुढे कोंडक्यांनी शिवसेनेच्या व्यासपीठावरून त्याची परतफेड केली. पण आंदोलनाने चित्रपटगृहाचं दार उघडतं, प्रेक्षकाला पंचवीस आठवडे आत बसवता येत नाही. आणि शिवसेनेची ताकद तेव्हा मुंबई-ठाण्यापुरती होती. नाशिक जिल्ह्यातल्या किंवा मराठवाड्यातल्या यात्रेच्या तंबूत माणसं कुणाच्या धाकाने बसलेली नव्हती. सबनीसांचं लेखन नसलेले पुढचे चित्रपटही तितकेच चालले. लेखकाचा आणि पुढाऱ्याचा हिस्सा वजा केल्यावरही बाकी मोठी राहते. ती बाकी म्हणजे शब्द आणि हसू यांच्यामधला तो क्षणभराचा थांबा. त्या थांब्यात कोंडके कोऱ्या चेहऱ्याने समोर पाहतात आणि काही म्हणजे काही करत नाहीत.

1975च्या ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांनी हाती घेतलं. अशोक सराफांना या चित्रपटाने मोठं केलं, रामलक्ष्मण या जोडीचं संगीत इथूनच त्यांच्याबरोबर जोडलं गेलं आणि ‘पांडू’ हे हवालदाराचं सामान्यनामच होऊन बसलं. पडद्यावरचं पात्र रोजच्या बोलण्यात असं मिसळून जाणं हा रौप्यमहोत्सवापेक्षा मोठा मान आहे. पुढे ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’ आणि 1982चा ‘आली अंगावर’. चित्रपटांची ही नावं ओळीने वाचत गेलं तरी एक बदल दिसतो. आधीची नावं माणसाची किंवा म्हणीची आहेत. 1973चं ‘आंधळा मारतो डोळा’ तर त्यांच्या कलेची व्याख्याच म्हणावी. आंधळ्याने डोळा मारला तर त्यात हेतू कसा असणार? ज्याने खूण ओळखली, खोट त्याच्या मनात. ‘आली अंगावर’पर्यंत येताना काय झालं पाहा. अंगावर आलं ते शिंगावर घेण्याची मूळ म्हण अर्ध्यावर तोडली आहे आणि तोडल्यामुळेच उरलेल्या अर्ध्याला भलता वास येतो. अजून प्रेक्षकासाठी थोडं काम शिल्लक आहे. त्यानंतरचं ‘येऊ का घरात’, शेवटचं 1996चं ‘वाजवू का’ ही नावं नायकाने सरळ प्रेक्षकाकडे पाहून विचारलेले प्रश्न आहेत. आता डोळा मारणारा डोळस आहे.

इथे कुणी म्हणेल, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ आणि ‘आली अंगावर’ हेही रौप्यमहोत्सवी ठरले, मग कला बिघडली म्हणून यश गेलं हे कसं? हिशेब तारखांशी नेमका जुळत नाही, हे मान्य. कलेची उतरण आधी सुरू होते, गल्ल्याची नंतर. ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू’ने जमवलेल्या विश्वासाच्या ठेवीवर पुढचे काही चित्रपट चालले. शिवाय बाहेरचं जगही बदलत होतं. 18 जानेवारी 1982ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. गावाकडचा भोळा गडी आणि मुंबईचा कामगार या दोघांना एकाच वेळी हसवणारा नट ज्या घरांतून आला होता, ती घरंच विस्कटली. त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ. ‘धूमधडाका’ (1985) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) यांनी मराठी विनोद मध्यमवर्गीय घरात, भाड्याच्या खोलीत नेऊन बसवला. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ज्यांनी प्रेक्षक मिळवला, त्या नव्या विनोदांतही कुणीतरी काहीतरी न कळता अडकलेला असतो, हे विसरून चालणार नाही. प्रेक्षक अजाणपणाला कंटाळला नव्हता, कोंडक्यांनी तो मागे टाकला होता. त्यात वयाचाही भाग होता. चाळिशीत लोंबती नाडी खपली, साठीकडे झुकलेल्या माणसाच्या अंगावर ती निरागस दिसेना.

हिंदीतला प्रवास हा या म्हणण्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. ‘तेरे मेरे बीच में’ (1984) आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (1986) यांनी कोंडक्यांचं नाव महाराष्ट्राबाहेर नेलं, पण तिथे ते फक्त चावट माणूस म्हणून पोहोचले. कारण सरळ आहे. मराठीत पहिला, निष्पाप अर्थ बोलीने उचलून धरलेला असतो. मावळातला गडी असंच बोलतो, यावर विश्वास बसतो. हिंदीत त्यांच्यापाशी तशी मुरलेली बोली नव्हती. पहिला अर्थ पातळ झाला की दुसराच पुढे येतो. याउलट ‘एकटा जीव सदाशिव’ची गोष्ट 2000 साली गोविंदाला घेऊन ‘जिस देश में गंगा रहता है’ या नावाने हिंदीत झाली, तेव्हा कोंडके नसतानाही तिच्यातला भोळा गडी ओळखू आला. म्हणजे भोळेपणा सीमेपलीकडे नेता येतो, नुसता चावटपणा नेला की त्याचा कचरा होतो.

प्रतिभेच्या या कोंडीत माणसाचाही वाटा होता. निर्माता, दिग्दर्शक, नायक, गीतकार अशा सगळ्या खुर्च्यांवर एकच माणूस बसला की ‘दादा, हे जमत नाहीये’ म्हणणारं कुणी उरत नाही. लोकनाट्याच्या दीड हजार प्रयोगांत हे काम प्रेक्षक करत होता, न हसून. चित्रपटात ती सोय नाही. चूक कळते तेव्हा रिळं गावोगाव गेलेली असतात. संसार टिकला नव्हता आणि ज्या एकटेपणातून तो पोरका गडी जन्मला होता, तोच एकटेपणा पुढे सल्ल्याची दारं बंद करत गेला असावा. हा तर्क आहे, निकाल नाही. 14 मार्च 1998 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत त्यांचं निधन झालं. शहाण्यासुरत्या समीक्षेने तोवर त्यांना विक्रमांच्या यादीत टाकून कलेच्या यादीतून वगळलेलं होतं. दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मधल्या सावळ्या कुंभाराला संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळू शकतो. मग त्याच कुळातल्या नाम्याला किमान ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’पुरता तरी तो मान द्यायला काय हरकत होती? नंतरच्या पडझडीसाठी आधीचं काम खोडून टाकणं हा न्याय नव्हे.

आता यात्रेतले तंबू जवळपास गेले आणि कोंडके मोबाइलवर उरले आहेत, मिनिटभराच्या तुकड्यांत. चावट वाक्य तेवढं कापून पुढे ढकलतात. ही कात्री कुठल्याही सेन्सॉरपेक्षा वाईट चालते, कारण ती नेमका निष्पाप भाग उडवते. त्या वाक्याआधीचा अर्धा तास, ज्यात हा पोरगा भोळा आहे याची खात्री पटते, तो तुकड्यात नसतो. तेव्हा कोंडके पाहायचेच तर ‘सोंगाड्या’ सुरुवातीपासून पाहावा आणि प्रत्येक हशाला एकच गोष्ट तपासावी: पडद्यावरच्या माणसांपैकी दुसरा अर्थ कुणाकुणाला कळलाय? आईला कळला असेल, नायिकेला कळला असेल, तंबूतल्या गर्दीला तर कळलाच असेल. नाम्याला कळला नसेल तोवर समजावं, आपण थोर नटासमोर बसलो आहोत.